सोमवार ते सोमवार

इंजेक्शनची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर तासाभरात दवाखान्यांत जाणार होतं, आणि त्याची माहितीपुस्तिका लिहिणारी तरुणी अडून बसली होती. “‘दर आठ दिवसांनी’ हे शब्द बदला!” “झालं बाईंचं शुद्धलेखन सुरू!” प्रोग्रामर हसला. तिनं सगळ्यांसमोर दवाखान्यात स्पीकरवर फोन लावला. “सिस्टर, आज सोमवारी इंजेक्शन दिलं, तर आठ दिवसांनी कधी?” “सोमवारीच की गं!” प्रोग्रामरचं हसू विरलं. त्यानं आठ म्हणजे आठच मोजले होते: या सोमवारनंतरचं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात मंगळवारी, त्यापुढचं बुधवारी, मग गुरुवारी, औषध दर खेपेला एकेक दिवस लांबणार होतं. “थांबवा सगळं!” साहेब ओरडले. तिची बोटं कीबोर्डवर नाचू लागली. ‘दर सात दिवसांनी, त्याच वारी.’ पडद्यावर, पुस्तिकेत, सगळीकडे हेच शब्द. प्रोग्रामरनं प्रोग्राममध्ये आठाचे सात केले आणि तो फोनकडे वाकला. “ताई, मग पंधरा दिवस म्हणजे किती?” “चौदा रे बाळा, चौदा!”