हातातले बूट

"बूट कुठं ठेवू, ताई?" लेण्याच्या दाराशी पाहुण्याने अदबीने विचारलं आणि विशाखाने त्याला ओळखलं. थेट बापाचा चेहरा. तिच्या गावच्या इनामदारांचा मुलगा. दर रविवारी ती इथं सेवेला यायची. खांबाआडचा चपलांचा रॅक आल्यागेल्या सगळ्यांना दाखवायची.

"ठेवायचे नाहीत," ती म्हणाली. "हातात धरून चला. रीत आहे."

त्याने निमूट ऐकलं. आत बुद्धमूर्तीसमोर हात जोडायला गेला, तर दोन्ही हातांत बूट, नुसताच वाकला. विशाखाचं काळीज निवलं. बुद्धासमोर निवायला नको होतं, पण निवलं.

बाहेर पडताना त्याला रॅक दिसला. "रीत म्हणालात ना?"

"तुमच्या आळीची रीत. माझे वडील तुमच्या दारावरून असेच जायचे, वहाणा हातात घेऊन. घाला आता बूट. त्यांना मात्र आळी संपेपर्यंत घालता यायच्या नाहीत."

बूट हातातच धरून तो उन्हाने तापलेल्या कातळाच्या पायऱ्या अनवाणी उतरू लागला. विशाखा बघत राहिली. तिने पुन्हा 'घाला' म्हटलं नाही.