डोमेन कुणाच्या नावावर?

सांडोर गावच्या वडिलोपार्जित वाडीतली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकायला सदानंदने वेबसाइट काढली होती. होस्टिंग बदलायला गेला तेव्हा कळलं, की वेबसाइट बनवून देणाऱ्या प्रितेशने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलंय. आता मागितलं, तर द्यायला तयार नाही.

सदानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन टेबलावर आपटत तो ओरडला, "हरामखोर! 'काका, तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकीचं मी बघतो,' म्हणाला होता. घरचा समजून एका शब्दाने विचारलं नाही मी. आणि माझ्याच वस्तूवर माझं नाव नाही?"

माहेरी आलेल्या विनिताने पाण्याचा पेला भावासमोर आदळला.

 

"'बाकीचं मी बघतो.' मला पण तू हेच म्हणाला होतास, दादा. वाडीच्या हक्कसोडपत्रावर सही घेताना."