पाळी चुकली

"एखाद्या वेळेने काही होत नाही," म्हणून नवरा कूस बदलून घोरायला लागला. दिवस राहिलेच तर नोकरी कुणाची जाणार, हे त्या घरात विचारायचीसुद्धा गरज नव्हती. म्हणून सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने ती मेडिकलमध्ये गेली आणि गोळी घेऊन तिथेच गिळून, रिकामं पाकीट लपवून घरी आली. दुपारी कारखान्यात जायची वेळ झाली, तर मळमळीने अंथरुणातून उठवेना. तिने सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, बरं नाही वाटत. आज माझी पाळी चुकली."

"पुन्हा पाळी चुकली तर कायमची घरी बस!" तो खेकसला.

फोन ठेवून वळते तर दारात सासू, तोंडभर हसू.

"चुकली? अगं, मग सांगायचं नाही का? आता कसला कारखाना नि काय! कायमची घरी बस."

"आई, कामावरची पाळी चुकली."

सासूचं हसू जागीच विझलं. "चुकायची ती मेली चुकत नाही, नको ती बरी चुकते!"

सुनेने उशीखालचं गोळीचं रिकामं पाकीट मुठीत आवळलं.

"नशीब माझं, आई," ती म्हणाली. अगदी मनापासून.