डुकरांचा त्रास

काउंटरवर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींची माहितीपत्रकं वाचून मी पाठ केली होती. तरी हात लावायला बिचकत होतो.

“गुरुजी, रानडुकरांसाठी ही हलकी पुरे,” दुकानदार म्हणाला. “पण तुमच्या वामनदादांनी परवा या दुसरीसारखीच, दुर्बीण बसवलेली नेली. त्यांनाही डुकरांचाच त्रास.”

वामनदादा माझा चुलतभाऊ. त्याला आता शेतच उरलं नव्हतं. होतं तेवढं गेल्या महिन्यात कोर्टाने मला दिलं होतं.

“ती... किती लांब मारते?” मी कसंबसं विचारलं.

“दोन शेतं सहज पार!” तो कौतुकाने म्हणाला. “बोला, कुठली देऊ?”

आमच्या दोघांच्या घरांच्या मध्ये एकच शेत आहे.