शेवटची तीन कार्डं

“तीन, मास्तर! एका फटक्यात तीन!”

ताईंनी लॅबचा कागद टेबलावर आपटला. लोकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून हरखून जायचं, अशी नोकरी जगात एखादीच असेल. ताई ती अकरा वर्षं करत होत्या. हरखण्याला कारणही होतं. जो सापडला, तो गोळ्या घेणार आणि म्हातारा होऊन मरणार. न सापडलेल्याचं काही खरं नाही.

मास्तर दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. तो शाळेत वगैरे शिकवत नव्हता. पुरुष पुरुषांना भेटायला येतात अशा बागांतून, पुलाखालून, स्टँडामागच्या गल्लीतून तो फिरायचा. कंडोम वाटायचा. ते कसे वापरायचे हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं समजावून सांगायचा, की पोरांनी त्याला मास्तर करून टाकलं. तो त्यांच्यातलाच होता, म्हणून तर पाच वर्षांपूर्वी ताईंच्या संस्थेनं त्याला कामावर घेतलं. कुणी टेस्टला तयार झालं की त्याच्या बोटाला टोचायचं, रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घ्यायचे, नावाऐवजी नंबर टाकायचा आणि कार्ड लॅबला पाठवायचं. महिन्याला वीस कार्डं. एकोणीस चालत नसत. कार्यकर्त्याचं स्वतःचं कार्ड त्या विसात धरत नसत. त्यामुळे कार्यकर्त्याला टेस्टचं कुणी विचारतही नसे.

गेल्या महिन्यात बागेत पोलिसांनी दोनदा धाड टाकली. माणसं पांगली ती पांगलीच. महिना संपायला दोन दिवस असताना मास्तरची सतराच कार्डं झाली होती. ताईंनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं.

“सतरा? मग उरलेले तीन काय मी जन्माला घालू?”

सगळे हसले. मास्तरही हसला. घरी गेल्यावर ताईंना स्वतःची लाज वाटली होती. पण वरून त्यांनाही असंच ऐकून घ्यावं लागायचं. मुळात त्या इथे आल्या होत्या बायकांसाठी. बायकांवर प्रेम करणाऱ्या, त्यांच्या स्वतःसारख्या बायकांसाठी. दर शनिवारी याच खोलीत पंधरा-वीसजणी जमायच्या. अंगाच्या तक्रारी बोलायच्या, घरच्यांना शिव्या घालायच्या, रडायच्या, खिदळायच्या. संस्थेच्या साहेबांनी ते शनिवार बंद केले. रडण्या-खिदळण्यातून कागदावर दाखवण्यासारखा आकडा निघत नव्हता. तेव्हापासून ताईही आकडा तेवढा बघायला लागल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मास्तरनं उरलेली तीन कार्डं आणून दिली, तेव्हा ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याच्यासाठी स्वतः चहा मागवला. कप त्यानं दोन तळव्यांच्या मध्ये धरला होता, बोटं अलगद लांब ठेवून. ताईंनी त्यावरून त्याची थट्टाही केली होती.

आता त्यांनी सगळ्यात आधी साहेबांना फोन लावला. स्पीकरवर, मास्तरला ऐकू जावं म्हणून.

“एकाच कार्यकर्त्याचे तीन, सर.”

“वा, वा! फोटो पाठवा त्याचा. अहवालात टाकू.”

ताईंनी मास्तरकडे बघून डोळे मिचकावले. मास्तर कागदाकडे बघत होता. त्याच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. पोरगं दमलंय, ताईंना वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि वही उघडली.

“चल, आता खरं काम. तिघांना आजच्या आज आणायचं. पक्की खात्री करू आणि लगेच गोळ्या सुरू करू. राहतात कुठे?”

“इथेच. जवळ.”

“एकमेकांना ओळखतात?”

“चांगले ओळखतात.”

“बरं झालं, आधार होईल. घरी कोण आहे?”

“आई.”

“कुणाची?”

“तिघांनाही आईच आहे. बाकी कोणी नाही.”

ताई लिहिता लिहिता थांबल्या. मग पुन्हा लिहू लागल्या. “आईला सांगायचं की नाही ते मागाहून बघू. याआधी टेस्ट कधी केली होती त्यांनी?”

“पाच वर्षं झाली.”

“पाच वर्षं?” ताईंचा आवाज चढला. “अरे, तू रोज त्यांच्यात उठतोस-बसतोस आणि पाच वर्षांत कुणालाच त्यांना विचारावंसं वाटलं नाही? माणसं आहेत ना ती?”

“कुणीच नाही विचारलं.”

ताईंना मनापासून वाईट वाटलं. कोण कुठली तीन पोरं, इतकी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्यांनी पाण्याचे तीन ग्लास भरून टेबलावर मांडले. समोरच्या मऊ गादीच्या खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली. ती खुर्ची रिपोर्ट ऐकायला येणाऱ्याची. कार्यकर्त्यांनी तिच्यावर टेकायचंसुद्धा नाही, हा ताईंचाच नियम होता.

“ऊठ, मास्तर. घेऊन ये त्यांना.”

मास्तर उठला. दारापर्यंत गेला. दार आतून लावलं, परत आला आणि त्या खुर्चीत बसला.

“अरे, ती त्यांची खुर्ची आहे!”

त्यानं डावा हात टेबलावर ठेवला आणि तीन बोटं पुढे सरकवली. टोचल्याच्या खुणा केव्हाच बुजल्या होत्या.

“तिघेही आलेत, ताई.”