तिच्या बाजूची जाळी

माराकाइबोच्या उकाड्यात गाडीला हीटर कोण ठेवतो? नेरिओच्या गाडीतला मीच काढून टाकला होता, त्याची बायको इराइदा वारली त्याच्या आदल्या वर्षी.

आज भर दुपारी तो एसी तपासून घ्यायला माझ्या गॅरेजवर आला. मी स्टिअरिंगशेजारच्या जाळीत थर्मामीटर खुपसला. सहा अंश.

"याहून गार हवं तर मासळीच्या बर्फात जाऊन बस," मी म्हणालो.

तो हसला नाही. "तिच्या बाजूला लाव."

तिथे काटा सदतीसवर चढला. वारा कोमट, दमट होता आणि थांबून थांबून येत होता. मी इंजिन बंद केलं. पहिली जाळी गप्प झाली. ही चालूच राहिली.

"दुरुस्त नको करूस," नेरिओ म्हणाला. "कालपासून हाताला जरा गार लागतंय. उतरतंय का, तेवढं मोजून सांग."

काटा छत्तीसवर आला. मग पस्तीस.

नेरिओने दोन्ही तळवे जाळीभोवती धरले. "त्या दिवशीही, याच सीटवर, तिचं अंग असंच गार होत गेलं होतं रे."

चौतीसला एक झुळूक आली. पुढची यायची वाट बघत आम्ही दोघं बसून राहिलो.