कोमट कुंड

“पाण्यात पाय घालण्याआधी त्याला विचारावं पोरी, कुठून आलंस?” कुंडावरच्या देवळातली तान्हाबाई गुरवीण म्हणाली होती. हेमांगीनं माघस्नानाचा नेम धरला होता तेव्हाची गोष्ट. सर्वेक्षणाच्या कॅम्पापासून टेकडीमागच्या कुंडावर ती रोज पहाटे जायची.

आज ते बोलणं तिला संगणकासमोर आठवलं. अणुभट्ट्यांचा कचरा या टेकडीखाली खोल पुरायचा, म्हणून तिथलं भूजल कुठं वाहतं याचं मॉडेल तिनं बांधलं होतं. डोंगरमाथ्यावर पावसाचं पाणी दोन अंगांना वाटलं जातं, तसं खोलातलंही वाटलं जात असेल असं धरून तिनं माथ्यावरच सीमारेषा ओढली होती. कुंड रेषेपलीकडे, मॉडेलच्या बाहेर राहिलं.

पण माघात कुंडाशेजारची उथळ विहीर गार असे आणि कुंड कोमट. कोमट पाणी खोलातून येतं. ते टेकडीच्या पोटातून, रेषेखालूनच येत असेल तर?

“सही करताय ना?” प्रकल्पप्रमुख दातार सरांनी विचारलं. “अहवाल आजच जायचाय. का आज मुहूर्त नाही?”

“मुहूर्त आहे, सर. रेषा चुकलीय.”

“बाई, तीन वर्षांचं काम आहे हे!”

“आणि पुरायचंय ते हजारो वर्षांसाठी.”



‘सगळं तपासल्याशिवाय होकार देणार नाही,’ असा शब्द तिनं तान्हाबाईला त्याच कुंडात उभं राहून दिला होता. तिनं पेनाला टोपण लावलं, तापमापक आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि टेकडीमागची वाट धरली.